कान वाहतोय, त्यात काय एवढं?

गेल्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर आमची बैठक होती. वस्ती ऊसतोड कामगारांची. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि त्याआधी मुलींची लग्नं उरकायची घाई असते, म्हणून बालविवाहावर बोलायचं ठरलं होतं. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. एक मुलगी तेवढी दाराशी, सगळ्यांपासून लांब बसलेली. पंधरा वर्षांची असेल. मी दोनदा नाव विचारलं, तिने उत्तर दिलं नाही. शेजारची बाई म्हणाली, "बहिरी हाय ती. कान फुटलाय." आणि तिने नाकाला पदर लावला.

बैठक संपल्यावर मुलीची आई मागे थांबली. म्हणाली, "ताई, सोयरीक आलीय. पाव्हणे पंधरा दिसांनी येत्यात. तेवढ्यापुरता वास थांबंल असं कायतरी औषध द्या."

मी आधी मुलीचं वय विचारलं आणि कायदा सांगितला. ते भागच होतं. पण परतताना मनात घोळत राहिलं ते वेगळंच. ही मुलगी दोन वर्षांची असल्यापासून तिचा कान वाहतोय. म्हणजे तेरा वर्षं! एवढ्या काळात त्या कानाचा विचार गांभीर्याने पहिल्यांदा झाला तो पाहुणे येणार म्हणून. तिला ऐकू यावं म्हणून नव्हे, तर तिचा वास येऊ नये म्हणून.

आणि आमचं काय? त्या वस्तीवर आम्ही कितीतरी वर्षं जातो आहोत. शिबिरं घेतली, हिमोग्लोबिन तपासलं, पांढरं जाण्यावर बोललो, अंगावरून जाण्यावर बोललो. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हाही आम्ही घराघरांतून फिरलो. ते काम गरजेचं होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या फिरण्यात ही मुलगी नक्कीच मला दिसली असणार. मी तिच्या कानात कधी डोकावले नाही. बाईचं आरोग्य म्हणजे तिची कूस, असं समजणाऱ्यांवर आपण टीका करतो. मग आपल्या शिबिरांचा फॉर्म कमरेच्या वर का सरकत नाही, हा प्रश्न मी आज स्वतःला आणि तुम्हाला विचारते आहे.

कानात नेमकं काय चालतं?

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलीला घेऊन तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याच्या रुग्णालयात गेले. तिथल्या कानाच्या डॉक्टरबाईंनी वेळ काढून जे समजावून सांगितलं, ते आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत असायला हवं.

नाकाच्या मागून मधल्या कानात एक बारीक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते. सर्दी झाली की नाका-घशातले जंतू त्या नळीतून कानात शिरतात. हे जंतू साधारणपणे न्यूमोकॉकस, हिमोफिलस, मोराक्सेला या जातीचे. कान ठणकतो, ताप येतो, मूल रात्रभर रडतं. पू साचून कधी पडदा फुटतो, पू बाहेर येतो आणि ठणका थांबतो. ठणका थांबला की घरातले म्हणतात, बरं झालं, घाण निघून गेली. खरं तर अनेक मुलांत हा पडदा आपोआप भरूनही येतो. पण सर्दी पुन्हा पुन्हा होत राहिली, मूल अशक्त असलं, उपचार मिळाले नाहीत, तर भोक तसंच राहतं.

इथून दुसरा टप्पा सुरू होतो. आता कानाला दार उघडं आहे. बाहेरचं पाणी आत जातं आणि त्याबरोबर नवे जंतू जातात. जुनाट वाहत्या कानात सर्वात जास्त आढळतात ते दोन. एक स्यूडोमोनास, दुसरा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. स्टॅफिलोकॉकस आपल्या कातडीवर आणि नाकात राहतो. स्यूडोमोनासला ओल आवडते. साठवलेलं पाणी, डबकं, ओलसर जागा, तिथे तो सुखाने वाढतो. त्याशिवाय प्रोटियस, क्लेब्सिएला आणि हवेशिवाय जगणारे काही जंतूही सापडतात. म्हणजे कान पहिल्यांदा फोडणारे जंतू वेगळे आणि तो वर्षानुवर्षं वाहता ठेवणारे जंतू वेगळे. हा फरक लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा इथेच होतो.

त्या मुलीच्या आईने एक प्लॅस्टिकची पिशवी आणली होती. तेरा वर्षांतली औषधं, जी सापडली ती. त्यात अमॉक्सिसिलिनच्या रिकाम्या पट्ट्या होत्या, सेफिक्झिम होतं, कानातला मळ सैल करायच्या थेंबांची बाटली होती, जेंटामायसिनचे थेंब होते. तोंडाने घ्यायच्या त्या गोळ्या स्यूडोमोनासवर चालतच नाहीत. मळाचे थेंब फुटलेल्या कानात घालायचेच नसतात. जेंटामायसिन जंतूंना मारतं, पण पडदा फुटलेला असताना ते आतल्या कानापर्यंत पोचून उरलंसुरलं ऐकणंही नेऊ शकतं. ही सगळी औषधं कोणी ना कोणी पैसे घेऊन दिली होती. कधी दुकानदाराने, कधी कारखान्याच्या तळाजवळच्या कुठल्याशा दवाखान्याने. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून हे पैसे गेले होते. या लोकांनी उपचार केलेच नाहीत, असं म्हणून चालणार नाही. त्यांनी उपचार विकत घेतले, पण ते चुकीचे निघाले.

आणखी एक गोष्ट कळली. हे जंतू कानात सुटे राहत नाहीत. ते एकत्र येऊन विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरावं तसा बुळबुळीत थर धरतात. त्या थराखाली औषध सहज पोचत नाही. म्हणून गोळीने चार दिवस पू कमी होतो, गोळी थांबली की पुन्हा येतो. दर वेळी अर्धवट औषध घेतल्याने जंतू मात्र निर्ढावत जातात.

मग उपाय काय? उपाय महागडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि आपल्या सरकारच्या बालआजारांच्या मार्गदर्शनात तो लिहिलेला आहे. चौदा दिवस किंवा त्याहून जास्त कान वाहत असेल तर तो जुनाट समजायचा. स्वच्छ मऊ सुती कापडाची वात करून कान कोरडा करायचा, ओली झालेली वात टाकून दुसरी घ्यायची, असं दिवसातून तीन-चार वेळा. कान कोरडा झाला की सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे थेंब घालायचे, दोन आठवडे. कोरडा न करता घातलेला थेंब पुवावर तरंगतो, जंतूपर्यंत जात नाही. तरीही कान थांबला नाही, तर पुवाची तपासणी करून कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघायचं. आणि पडद्याचं भोक मोठं असेल किंवा हाडाला कीड लागली असेल तर शस्त्रक्रिया.

कापडाची वात आणि थेंबांची एक बाटली. तेरा वर्षांत एवढं तिच्यापर्यंत पोचलं नाही.

दोष कुणाचा?

"अंगावर पाजताना दूध कानात गेलं," असं त्या आईला तिच्या सासूने पहिल्या दिवसापासून सांगितलं आहे. तिने ते मान्यही केलं आहे. मला म्हणाली, "मीच निजून पाजायचे, ताई. दिवसभर मोळ्या वाहून बसवत नव्हतं." तेरा वर्षं ही बाई हा अपराध उराशी घेऊन फिरते आहे.

म्हणून ही जंतूंची गोष्ट आपल्या कामाची आहे. आडवं झोपवून बाटलीने दूध पाजलं तर कानाला धोका वाढतो हे खरं, पण आईचं दूध पिणाऱ्या मुलांना कानाचे आजार कमी होतात हेही सिद्ध झालेलं आहे. या बाईने मुलीला अंगावर पाजलं, म्हणजे जे करायला हवं तेच केलं. कान फुटायला आणि तो वाहता राहायला कारणीभूत आहेत ती दाटीने राहणं, कोपीतला चुलीचा धूर, पुन्हा पुन्हा होणारी सर्दी, कुपोषण, गढूळ पाणी आणि वेळेवर न मिळणारा उपचार. पाचटाच्या एका कोपीत सहा माणसं झोपतात, त्याच कोपीत चूल पेटते. तळावर अंघोळीला जे पाणी मिळतं ते मिळतं. हे त्या आईने ठरवलेलं नाही. ज्याने सहा महिन्यांसाठी माणसं तिथे आणून टाकली आणि पाण्याची, संडासाची, दवाखान्याची सोय केली नाही, त्याने ते ठरवलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ सालच्या अहवालात जगभर ६.५ ते ३३ कोटी लोकांचे कान वाहतात असा अंदाज दिला होता आणि त्यातल्या सुमारे ६० टक्के लोकांचं ऐकणं लक्षणीय कमी झालेलं असतं असं म्हटलं होतं. मुलांमध्ये हे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं तर तो तातडीने हाताळण्याचा सार्वजनिक प्रश्न मानावा, असंही त्यात होतं. त्या वरच्या गटात भारत आहे, टांझानिया आहे, ऑस्ट्रेलियातले आदिवासी आहेत, ग्रीनलंडचे मूळ रहिवासी आहेत. ऑस्ट्रेलिया हा श्रीमंत देश, पण तिथल्या आदिवासींचे कान आपल्यासारखे वाहतात. म्हणजे प्रश्न हवेचा किंवा जातीवंशाचा नाही. ज्यांना कोंदट घरात ढकललं जातं, त्यांचा कान वाहतो.

"ऐकत नाही"

मराठीत "ऐकत नाही" याचे दोन अर्थ होतात. या मुलीच्या बाबतीत दोन्ही एक झाले. आईने हाक मारली, तिने ऐकलं नाही, मार खाल्ला. बाईंनी शाळेत विचारलं, उत्तर आलं नाही, मठ्ठ ठरली. चौथीनंतर शाळा सुटली. धाकट्या भावंडांना सांभाळायला तळावर कुणीतरी लागतंच, मग हुशार मुलीऐवजी ही बरी. तिला मारणाऱ्यांपैकी कुणीही दुष्ट नाही. तिला ऐकू येत नाही ही साधी गोष्ट कुणी तपासली नाही, एवढंच.

तिच्या भावाचाही कान लहानपणी फुटला होता. त्याला जिल्ह्याला नेलं, शस्त्रक्रिया झाली, पडदा बसवला. मी विचारलं तेव्हा बाप सहज म्हणाला, "पोलिसभरतीला कान लागतो." मुलाच्या कानाला भविष्य आहे. मुलीच्या कानाला फक्त वास आहे, आणि तोही पाहुण्यांपुरता.

कायदाही इथे तिच्या मदतीला येत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांनी किमान ६० डेसिबल ऐकणं कमी असेल तरच ती व्यक्ती श्रवणदोष असलेली म्हणून गणली जाते. वाहत्या कानाने जाणारं ऐकणं बहुधा त्याच्या आत राहतं. म्हणजे वर्गात मागे पडायला पुरेसं, पण प्रमाणपत्राला अपुरं. शाळा तिला अपंग मानत नाही आणि धडधाकट म्हणून वागवते, मग नापास करते.

सरकारकडे काय आहे आणि ते पोचत का नाही?

काहीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये देशातल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला आणि पुढे वाढत गेला. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतात. त्यांच्या यादीत मधल्या कानाचा आजार स्पष्ट लिहिलेला आहे. न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर मोफत मिळते. त्यामुळे कानाच्या पहिल्या दुखण्यांपैकी काही तरी टळतील. आपल्या राज्याच्या जनआरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियाही आहेत.

पण पथक शाळेत येतं तेव्हा ऊसतोडीला गेलेली मुलं शाळेत असतात का? दिवाळीनंतर ती सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे किंवा थेट कर्नाटकात असतात. गावातल्या हजेरीपटावर नाव आहे, कान दुसऱ्या जिल्ह्यात आहे. आणि जी मुलगी चौथीतच शाळेबाहेर पडली तिला तर कुठलंच पथक भेटत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात कानात बघायचं यंत्र असलं तर त्याचा सेल संपलेला असतो, थेंब असले तर ते डोळ्यांचे असतात. हे मी ऐकीव सांगत नाही. या वर्षभरात आम्ही ज्या ज्या केंद्रांत गेलो तिथे विचारून पाहिलं आहे.

काही मैत्रिणी म्हणतील, हे डॉक्टरांचं काम, आपलं नाही. बाईच्या शरीरावर डॉक्टरी सत्ता चालवण्याला विरोध करत आपली चळवळ वाढली, आता आपणच थेंब सुचवायला लागलो का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. पण सत्तेला विरोध म्हणजे माहितीला विरोध नव्हे. आपल्याच चळवळीने बायकांना स्वतःचं शरीर स्वतः बघायला शिकवलं. ज्या मुलीला स्यूडोमोनास म्हणजे काय हे माहीत असेल, तिला पाचव्यांदा अमॉक्सिसिलिन विकता येणार नाही. आणि "तुझ्या दुधाने झालं" हेही तिच्या आईच्या गळ्यात मारता येणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. आपल्या प्रत्येक शिबिरात, प्रत्येक घरभेटीत दोन प्रश्न विचारू या. कुणाचा कान वाहतो का? कुणाला हाक मारली तर मागे वळून बघत नाही का? कानात तेल, लसणाचं तेल, काडी, पिन घालू नका, हे सांगू या. अंघोळ करताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानात घाला, तळ्यात-कालव्यात बुडी मारू नका, हे सांगू या. वाहत्या कानाबरोबर डोकं सतत दुखत असेल, ताप, उलट्या, चक्कर असेल, कानामागे सूज असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा थोडाच पण अतिशय घाण वासाचा स्राव येत असेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायचं. कारण तो पू हाड खात मेंदूपर्यंत जाऊ शकतो आणि जीवही घेऊ शकतो.

आणि मागण्या करू या. प्रत्येक प्राथमिक केंद्रात कानाचे योग्य थेंब आणि चालू स्थितीतलं यंत्र. ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशी कानाचा डॉक्टर. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या तळावर मुलांची तपासणी, शाळेत असलेल्या आणि नसलेल्या दोघांची. हंगामाबाहेरच्या महिन्यांत शस्त्रक्रियेच्या तारखा. कारखाना कुणाच्याही जिल्ह्यात असो, मूल जिथे आहे तिथे त्याचा कान बघितला गेला पाहिजे.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते विचाराल. तिचा कान वाती आणि थेंबांनी सतरा दिवसांत कोरडा झाला. वास गेला. पाहुणे आले, पण लग्न अजून झालेलं नाही. आईनेच या वेळी थोडा धीर धरला आहे. कान कोरडा झाला तरी पडद्याला भोक आहे, ऐकू कमीच येतं. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली ती जानेवारीतली. जानेवारीत ती उसाच्या फडात होती.

नवी तारीख आम्ही मागितली आहे. ती पावसाळ्यात मिळावी म्हणून अर्ज दिला आहे, स्मरणपत्र दिलं आहे. मिळेपर्यंत दर आठवड्याला तिथे जाऊन बसणार आहोत. तुमच्या वस्तीवरही अशी एखादी दाराशी बसलेली मुलगी असेल. पुढच्या बैठकीत तिला आत बोलवा आणि आधी तिच्या कानात बघा.